येशू तिसऱ्या वेयी पडतो

राखेच्या बुधवारी व्हिडिओ कॉलवर मोठीने मला विचारले, "आजी, यंदा लेंटमध्ये तू काय सोडलंस?" तिने स्वतः चॉकलेट सोडले होते. धाकट्याने मोबाइलवरचा एक खेळ सोडला होता, पण फक्त सोमवार ते शनिवार, कारण रविवार उपवासकाळात मोजत नाहीत हे त्याने कुठूनतरी शोधून काढले होते. कॅनडात राहूनही मुलाला धर्मशास्त्राची इतकी बारीक जाण आहे हे पाहून माझा ऊर भरून आला. चाळीस दिवस वाळवंटात उपाशी राहिलेल्या प्रभूला हे कोणी वेळेवर सांगितले असते, तर तोही दर रविवारी घरी जेवून गेला असता.

मी "मग सांगते" म्हणाले आणि फोन आजोबांच्या हातात दिला. खरे म्हणजे मी काहीच सोडले नव्हते. गेली कित्येक वर्षे सोडत नाही. या वयात गोष्टीच माणसाला सोडून जातात: साखर, मीठ, जिना. पण यंदा ईस्टर येईपर्यंत एक गोष्ट माझ्या हातून सुटली. ती कशी सुटली ते लिहून पाठवते आहे. आईकडून वाचून घ्या. तुम्हाला मराठी वाचायला शिकवणे तिला जमले नाही, तेव्हा हे तिचे प्रायश्चित्त.

त्या बुधवारी सकाळी फादरांनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला आणि सांगितले, तू माती आहेस आणि मातीला मिळशील. सुरतेच्या या धुळकट उधन्यात राहणाऱ्या माणसाला हे मुद्दाम सांगावे लागत नाही. रोज सकाळी बाल्कनीचा कठडा पुसताना ते आपोआप समजते. येताना कोथिंबीर घ्यायला थांबले, तर भाजीवाली म्हणाली, "बा, कपाळे काळुं लाग्युं छे," आणि मी काही बोलायच्या आत तिने ओल्या फडक्याने माझे सगळे प्रायश्चित्त पुसून टाकले. कोथिंबिरीवर दोन मिरच्या फुकट दिल्या.

घरी पोचते तो शेजारीण साबुदाण्याची खिचडी घेऊन दारात. ती धुळ्याकडची, मनाने सोन्यासारखी, आणि आमच्या उपवासांचा हिशेब तिला गेल्या वीस वर्षांत लागलेला नाही. पहिल्या शुक्रवारी तिने माझ्या तव्यावर बोंबील पाहिले आणि दारातच उभी राहिली.

"मावशी, उपास ना तुमचा?"

"शुक्रवारी मांस वर्ज्य. मासे चालतात."

"म्हणजे बकरीला सुट्टी आणि बोंबलाला फाशी?"

मी तिला त्यामागची परंपरा समजावून सांगितली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि दोन बोंबील घेऊन गेली.

आता मुख्य गोष्ट. आपल्या चर्चच्या दोन्ही भिंतींवर सात-सात लाकडी चित्रे आहेत, तुम्ही लहानपणी त्यांखाली गोळ्यांचे कागद लपवायचात ती. पिलाताने येशूला दोषी ठरवले इथपासून त्याला कबरेत ठेवले इथपर्यंतची चौदा स्थाने. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी संध्याकाळी लोक एकेका चित्रासमोर थांबतात, कोणीतरी त्या स्थानाचे वाचन करतो, सगळे गुडघे टेकतात आणि पुढे सरकतात. याला क्रूसाची वाट म्हणतात. गुड फ्रायडे सोडला तर असे सहा शुक्रवार मिळतात. आपल्याकडे दोन इंग्रजीला, दोन गुजरातीला, एक हिंदीला आणि चौथा मराठीला. चौथा शुक्रवार माझा असे मी म्हणणार नाही. लोक म्हणत असत.

पहिल्या रविवारी मिस्सेनंतर फादरांनी मला बाजूला बोलावले. हे फादर नवे आहेत, आणंदकडचे, वयाने तुमच्या मामाहून लहान, आणि व्यवस्थापनाचा कसलासा कोर्स करून आलेले. ते अतिशय गोड बोलतात. वाईट बातमी असली की जास्तच.

"आंटी, गया वर्षे मराठीमां नव जणा आव्या हता," ते म्हणाले. "नव!"

"नऊ का होईनात, फादर. प्रभूबरोबर क्रूसापाशी त्याहून कमी होते."

ते हसले आणि आपले म्हणणे चालू ठेवले. मराठी आणि हिंदी एकत्र करू, लिपी तर एकच आहे, असे त्यांचे म्हणणे. लिपी एक म्हणून भाषा एक हा शोध त्यांनी लावला होता. मी त्यांना म्हटले, इंग्रजी आणि गोवेकरांचा रोमन अक्षरांतला कोकणी प्रार्थनासंग्रह यांचीही लिपी एकच आहे, करा एकत्र. त्यावर त्यांनी मला एक अट घातली. चौदा स्थाने, चौदा वाचक. एकाने एकच स्थान वाचायचे. मराठीला चौदा वेगवेगळे वाचक मिळाले, तर चौथा शुक्रवार राहील. नाही मिळाले, तर पुढच्या वर्षीपासून नाही.

मी घरी येऊन पट्टी घेतली, वहीत चौदा ओळी आखल्या आणि शेवटच्या ओळीत माझे नाव लिहिले. कबरेचे वाचन मीच करते. ते सगळ्यात अवघड असते, निदान मी तसे सांगत आले आहे.

आपल्या धर्मग्रामात मराठी घरे चाळीसच्या वर आहेत. मी वसईची, काही नगरकडचे, काही जालन्याकडचे, आणि निम्म्याहून जास्त खानदेशातले. चाळीस घरांतून तेरा माणसे मिळवणे म्हणजे काय मोठे काम, असे समजून मी फोन हातात घेतला. आठ नावे पटापट लिहिली गेली. ते नेहमीचेच आठ, गेल्या वर्षीचे, मी धरून नऊ. नवव्या ओळीला गाडी अडली.

सिव्हिलमधून निवृत्त झालेल्या नर्सबाई म्हणाल्या, "बाई, आमचं कुठलं हो तुमच्यासारखं शुद्ध?" चलथाणला साखर कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं शुद्ध बोलता येत नाही आपल्याला." तिसरी एक तरुण सून, तिने तर फोन सासूकडे दिला, आणि सासू म्हणाली, "तिचं मराठी तुमच्यासारखं शुद्ध नाही, बाई, आणि माझं तर मुळीच नाही." मला फार बरे वाटले. शाळेतल्या माझ्या इतक्या वर्षांच्या कामाची लोकांना जाणीव आहे, असे मी आजोबांना सांगितले.

आजोबा वाटाणे सोलत होते. ते म्हणाले, "तीन पोरांच्या पेपरात एकच वाक्य सापडलं, तर शाळेत तू काय समजायचीस?"

"कॉपी केली."

"किंवा तिघांना मारणारी मास्तरीण एकच होती."

मी म्हटले, मी आयुष्यात कोणाला मारलेले नाही. ते म्हणाले, "हो. छडी नव्हती तुझ्याकडे." आणि पुन्हा वाटाण्यांकडे वळले. लग्नाला इतकी वर्षे झाली की नवरा वाक्य अर्धे सोडतो आणि उरलेले आपल्याला रात्रभर पुरते.

त्या अर्ध्या वाक्यात काय होते ते मला माहीत होते. सहा-सात वर्षांपूर्वीचा चौथा शुक्रवार. तेव्हा मराठीला चर्च अर्धे भरायचे. नववे स्थान वाचायला नवागामची एक बाई उभी राहिली होती. नंदुरबारकडची, नवरा पावरलूमवर, ही घरी साड्यांचे धागे कापते. ती पहिल्यांदाच वाचत होती. तिने माइक धरला आणि खणखणीत आवाजात वाचले, "येशू तिसऱ्या वेयी पडतो."

आता खानदेशात ळ चा य होतो. डोळा डोया, शाळा शाया, केळी केयी. हे मला ठाऊक होते. मी काही अडाणी नव्हे. तरी पहिल्या बाकावरून मी म्हणाले, "वेळी." हळूच म्हणाले, असे मी आजवर सांगत आले. पण छत्तीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत पोचवलेला आवाज हळू होत नाही.

ती म्हणाली, "वेयी."

"वेळी. ळ. जीभ मागे न्या."

"वेयी."

कोणीतरी पोर हसले. मी पुन्हा सांगितले. तिने पुन्हा प्रयत्न केला आणि पुन्हा वेयीच आले. मग तिने माइक खाली ठेवला, पुस्तिका मिटली, बाकावर ठेवली आणि शेजारी बसलेल्या मुलीचा हात धरून ती चर्चबाहेर निघून गेली. नववे स्थान मी पुरे केले. अगदी शुद्ध. प्रभू त्या दिवशी व्याकरणाला धरून पडला.

पुढच्या वर्षी ती गुजराती शुक्रवारी दिसली. त्याच्या पुढच्या वर्षी नवागामची बाकीची घरेही. मी त्यावर एकच मत दिले होते, की या लोकांना आपल्या भाषेचा अभिमान नाही.

तुम्हाला वाटेल, आजीला तरी शुद्ध कुठून आले. माझ्या घरची बोली वसईची, तिच्यात 'आमचा'ला 'आमसा' म्हणतात. सात वर्षांची असताना कॉन्व्हेंटात मी 'आमसा' म्हणाले, तेव्हा सिस्टरनी मला प्रार्थना संपेपर्यंत बाकावर उभे केले होते. त्याचा मला फार फायदा झाला. मी पुन्हा कधी चुकले नाही आणि घरी आईशीही पुस्तकातल्यासारखे बोलू लागले. आई थोडे दिवस हसली आणि मग माझ्याशी कमी बोलू लागली.

दुसऱ्या शनिवारी मी आणि आजोबा रिक्षाने नवागामला गेलो. वाटेत मी माफीचे वाक्य तयार केले. त्यात दोन उपवाक्ये आणि एक अर्धविराम होता.

बाई दारातच साड्यांच्या ढिगाशी बसली होती, हातात छोटी कात्री. तिने मान वर केली.

"अरे वा! शायानी इन्स्पेक्टर ऊनी! बसा मास्तरीनबाई. खुर्ची नही, पलंग शे. चाली का?"

म्हटले चालेल. वाक्य घशात होते, पण बाहेर वेगळेच आले. "पुढच्या वर्षीपासून आपला मराठी शुक्रवार बंद होतोय."

"मंग? गुजरातीमा बी येशू तसाच पडस." तिने एक धागा कापला. "आनि तठे त्याले कोनी उठाडीसन पुन्हा पाडत नही."

आजोबा भिंतीवरच्या कॅलेंडरचा अभ्यास करू लागले.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"काय चुकनं? तुमीन तर दुसऱ्यानी चूक मोठ्यानी सांगतस. स्वतानी बी सांगा."

मग मी सांगितले. भर चर्चमध्ये तुम्हाला तीनदा थांबवले, लोकांसमोर, मुलीसमोर, ते चुकले. उपवाक्ये वगैरे काही जमले नाही. आतून मुलगी पाणी घेऊन आली, आता कॉलेजात जाणारी, आणि आईला म्हणाली, "मम्मी, आ कोण छे?"

"दखं का?" बाई मला म्हणाली. या वेळी आवाजात टोमणा नव्हता. "त्या दिवसपाईन हाई अशी बोलस. घरमा बी. म्हनस, मम्मी, आपलाले लोक हसतस, गुजराती बोल."

मी पाणी पिऊन घेतले. मी कोण ते त्या मुलीला कोणत्या भाषेत सांगणार होते?

तिने आणखी चार-पाच धागे कापले. मग येते म्हणाली. "मी येसू. आठल्या बाया बी लई येसू, चार जनी. पन वेयीच म्हनसू."

"म्हणा."

"आनि तुमीन त्या दिवस तोंड उघडानं नही. एक शब्द नही. मागला बाकवर बसानं."

"कबूल," मी म्हणाले. रिक्षात बसल्यावर आजोबांनी बोटे मोजली. आठ तुझे. ही धरून पाच. "तेरा," ते म्हणाले. "चौदावी तू होतीस. तू गप्प, म्हणजे तेराच."

"मग तुम्ही वाचा."

"मला चष्मा लावूनही पोप आणि पाप यांत फरक दिसत नाही," ते म्हणाले. हे खोटे आहे, पण पन्नास वर्षे उपयोगी पडलेले खोटे आहे. मी उरलेल्या दोन आठवड्यांत सगळ्या घरांना पुन्हा फोन केले. शुद्धचा विषय काढला नाही. तरी चौदावा माणूस मिळाला नाही. सात वर्षांत लोकांनी घेतलेली धास्ती दोन आठवड्यांत कुठली जाते?

चौथ्या शुक्रवारी मी शेवटच्या बाकावर बसले आणि तोंडात लवंग धरली. दाताखाली काही असले की माणूस गप्प बसतो, असे माझी सासू म्हणायची. फादर पहिल्या बाकाशी उभे होते, हातात पेन आणि कागद. ते मराठी शिकायला आले नव्हते, मोजायला आले होते.

बाळांनो, त्या संध्याकाळी मी जे ऐकले ते कोणा शिक्षिकेवर येऊ नये. पिलाताचा एकदा 'पिल्लात' झाला. वेरोनिकाने प्रभूचा चेहरा 'पुसला' ऐवजी 'फुसला'. न आणि ण यांनी तर आपापसात जागा वाटून घेतल्या होत्या. मी लवंग चावत राहिले. माझ्या पुढच्या बाकावरची एक म्हातारी मात्र वेरोनिकाला पदर डोळ्यांना लावून बसली होती. तिला 'फुसला' ऐकू आले नव्हते. तिला चेहरा दिसत होता.

नववे स्थान. नवागामची बाई पुढे आली. तिची मुलगी माइक धरायला शेजारी उभी राहिली. बाईने आधी पुस्तिका पाहिली नाही, शेवटच्या बाकाकडे पाहिले. मग वाचले, "येशू तिसऱ्या वेयी पडतो."

सगळे गुडघ्यांवर गेले. मीही गेले. माझे गुडघे आता वाजतात, पण ते वाजणे म्हणजे बोलणे नव्हे, हे मी अटीत धरले.

दहा, अकरा, बारा, तेरा. नर्सबाई आणि चलथाणचे गृहस्थ येऊन बसले होते, पण दोघांची नजर जमिनीवर. चौदाव्या चित्राशी मंडळी थांबली आणि कोणीच पुढे झाले नाही. फादरांनी कागदाकडे पाहिले. पेनाचे टोपण काढलेले होते. 

तेवढ्यात नवागामची बाई मधल्या वाटेने चालत माझ्यापाशी आली आणि तिने पुस्तिका माझ्या मांडीवर ठेवली.

"वाचा."

मी तोंडावर बोट ठेवून तिला तिचीच अट दाखवली.

"ती मनी अट व्हती," ती म्हणाली. "आते मीच सांगस. उठा."

मी लवंग रुमालात काढली आणि चौदाव्या चित्रापाशी गेले. मुलीने माइक पुढे केला. "येशूला कबरेत ठेवतात," मी वाचले. ते छान झाले. पुढचे वाक्य मला पाठ आहे, 'आमचा प्रभू थकून निजला आहे.' मी लवंगेने बधिर झालेल्या जिभेने म्हणाले, "आमसा प्रभू थकून निजला आहे."

लवंगच, दुसरे काही नाही. आमच्या घरी गुड फ्रायडेच्या दुपारी आई आम्हा पोरांना गप्प करायची, आमसा प्रभू निजलाय म्हणायची, त्याचा इथे काही संबंध नाही.

"आमचा," मागून खणखणीत आवाज आला. "आमसा नही, बाई. आमचा."

आधी नवागामच्या बायका हसल्या. मग नर्सबाई. मग सगळे चर्च, आणि त्यात आजोबांचे हसणे मला वेगळे ओळखू आले. ती मुलगी हसता हसता माइकमध्येच आईला म्हणाली, "मम्मी, गप बस ना!" मराठीत. बाईने मुलीकडे पाहिले आणि खरोखरच गप्प बसली.

मी पुन्हा वाचले. "आमचा." फादरांना काय झाले ते कळले नव्हते, पण त्यांनी चौदावी खूण केली.

बाहेर पायऱ्यांवर ती चपला शोधत होती. मी आभार मानणार होते. तिने संधी दिली नाही. "वाचन बरं व्हतं," म्हणाली. "पुढला वर्षी तयारी करीसन या."

ईस्टर होऊन तीन आठवडे झाले. फादरांनी पुढच्या उपवासकाळाचा तक्ता आत्ताच करून चर्चच्या दाराशी लावला आहे. चौथा शुक्रवार मराठीलाच आहे. तो शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरांत, 'मराठि' असा लिहिला आहे. मी रोज सकाळी त्याच्यासमोरून जाते. पर्समध्ये लाल पेन असते. अजून मी काही बोललेले नाही.